फॉरमॅट मारायच्या आधी

खराडीत इऑन आयटी पार्कच्या काचेच्या इमारतींत परदेशातले सर्व्हर सांभाळणारी पोरं बसतात. तिथून हाकेच्या अंतरावरचा दुरुस्तीवाला मात्र लिनक्सचा काळा पडदा दिसला की एकच निदान करतो: "हार्ड डिस्क गेली, फॉरमॅट मारा."

गेल्या रमजानमध्ये माझ्या भाच्याला हेच ऐकावं लागलं. त्याच्या उबुंटूच्या मशीनवर अम्मीच्या, म्हणजे त्याच्या नानीच्या, आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. दुसरी प्रत नाही, आणि अम्मीही आता नाही. "मामू, डेटा जाणार म्हणतो," फोनवर त्याचा आवाज कापत होता. मी म्हटलं, "शेवटची ओळ वाच."

कर्नल पॅनिक. रूट फाइल सिस्टिम माउंट होत नाही, अननोन ब्लॉक, पुढे दोन शून्यं.

हा कर्नल फौजेतला नव्हे, पण अडचण त्याचीही मोठी. डिस्क वाचायला त्याला ड्रायव्हर लागतो आणि ड्रायव्हरची फाइल असते डिस्कवरच. किल्ली कुलूपबंद घरात! म्हणून ग्रब हा बूटलोडर कर्नलसोबत एक छोटं गाठोडं मेमरीत टाकतो: रॅमडिस्क, म्हणजे इनिट्रॅमएफएस. त्यात गरजेपुरते ड्रायव्हर असतात, डिस्क एन्क्रिप्टेड असेल तर पासवर्ड विचारायची सोयही. खरी डिस्क सापडली की त्याचं काम संपतं. गाठोडं मिळालं, पण डिस्क सापडली नाही, तर पॅनिकऐवजी बहुधा 'इनिट्रॅमएफएस' असा प्रॉम्प्ट येतो. तिथे यूयूआयडी तपासावा. दोन शून्यं दिसली तर संशय गाठोड्यावरच घ्यायचा. आणि कर्नल बोलला, म्हणजे तो डिस्कवरूनच वाचला गेला ना? मग डिस्क गेली कशी?

त्याला सुरू होताना एस्केप दाबायला लावलं. ग्रबच्या मेनूत अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, तिथून आधीचा कर्नल. मशीन चालू झालं. ओव्यांचा फोल्डर त्याने सगळ्यात आधी पेन ड्राइव्हवर उतरवला, हे मला फार आवडलं.

मग 'डीएफ' कमांडने पाहिलं: बूटचं वेगळं पार्टिशन शंभर टक्के भरलेलं. जुने कर्नल साचले होते, त्यामुळे अपडेटच्या वेळी नव्याची रॅमडिस्क पूर्ण तयारच झाली नव्हती. 'एपीटी ऑटोरिमूव्ह'ने जागा केली, 'अपडेट-इनिट्रॅमएफएस'ने गाठोडं पुन्हा बांधलं, 'अपडेट-ग्रब' चालवलं. सहरीच्या आत काम झालं.

"मामू, उरलेला जुना कर्नलही काढू?"

"नको. एक राहू दे."