हाकेला ओ मिळाली पाहिजे

‘फोनमध्ये जीपीएस आहे, मग काळजी कशाची?’ नागपूरच्या सदरमधल्या माझ्या कार्यालयात सल्ला घ्यायला येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो. कुणी हिमालयात ट्रेकला निघालेलं असतं, कुणी मेळघाटात अभ्यासदौऱ्यावर, आणि श्रावणात पचमढीच्या नागद्वार यात्रेला जाणारी मंडळं येतात. दुर्गम भागात जाणाऱ्यांच्या संपर्काची आखणी करून देणं हे दळणवळण अभियंता म्हणून माझं काम. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मी दरवेळी नीट बसवून देतो. फोनमधलं जीपीएस फक्त ऐकतं. उपग्रहांचे संकेत घेऊन तुम्ही कुठे आहात हे ते तुम्हाला सांगतं, दुसऱ्या कुणालाही नाही. दुसऱ्याला कळवायचं तर टॉवर लागतो. आणि टॉवर नसलेला मुलूख नागपूरपासून फार लांब नाही. सातपुड्याच्या दऱ्यांत उतरलं की रेंज जाते. गडचिरोलीत पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो आणि वीज गेली की काही वेळाने टॉवरही बंद पडतात.

अशा ठिकाणाहून हाक मारण्याची सोय जगाने फार पूर्वीच केली आहे. शीतयुद्ध चालू असतानाही 1979 मध्ये अमेरिका, सोव्हिएत संघ, कॅनडा आणि फ्रान्स यांनी एकत्र येऊन कॉस्पास-सारसॅट ही उपग्रह यंत्रणा उभारायचं ठरवलं. सप्टेंबर 1982 मध्ये कॅनडात कोसळलेल्या एका छोट्या विमानातले तिघे तिच्यामुळे वाचले. यातलं बीकन, म्हणजे हाक मारणारं यंत्र, मुठीत मावेल एवढंही असतं. कळ दाबली की ते साधारण दर 50 सेकंदांनी 406 मेगाहर्ट्झवर अर्ध्या सेकंदाचा संकेत सोडतं आणि त्यात त्याचा स्वतःचा क्रमांक असतो. बीकनला आपलं ठिकाण माहीत नसलं तरी चालतं. जवळ येणाऱ्या रेल्वेची शिट्टी चढी आणि लांब जाणारीची उतरती ऐकू येते, तसाच फरक खालच्या कक्षेतून जाणाऱ्या उपग्रहाला त्या संकेतात जाणवतो आणि त्यावरून जागा काढता येते. भारतात या हाका बंगळुरूला इस्रोच्या केंद्रात पोहोचतात.

पण नुसती हाक पुरत नाही, हे 2018 साली दिसलं. गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’ या शिडाच्या नौकेवरून कमांडर अभिलाष टॉमी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करत होते. 21 सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात नौकेची डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीला जबर मार बसला. ऑस्ट्रेलियातलं पर्थ तिथून सुमारे 1,900 सागरी मैलांवर. बीकनमुळे जागा कळली. मात्र आपल्याला चालता येत नाही, स्ट्रेचर लागेल, हे त्यांनी मजकूर पाठवणाऱ्या छोट्या उपग्रह यंत्रावरून कळवलं. भारतीय नौदलाचं विमान नौकेवर घिरट्या घालून आलं, ऑस्ट्रेलियाच्या केंद्राने सूत्रं सांभाळली आणि 24 सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. ऐकणारं, ठरवणारं आणि जाणारं असे तिघे जागे होते, म्हणून तो जीव वाचला.

आता आपल्या डोंगरांकडे या. जून 2024 मध्ये उत्तराखंडच्या सहस्रताल ट्रेकवर कर्नाटकातला गट हिमवादळात सापडला. कुणीतरी नेटवर्क असलेल्या जागी पोहोचेपर्यंत बाहेर काहीच कळलं नाही. नऊ जण गेले. एखादं उपग्रह यंत्र जवळ असतं तर, असं कुणालाही वाटेल. पण आपल्याकडे उपग्रह फोन किंवा उपग्रह संदेशयंत्र दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाही. डिसेंबर 2024 मध्ये गोव्याच्या विमानतळावर असं यंत्र सापडल्यावर परदेशी प्रवाशावर कारवाई झाली. म्हणून परदेशातल्या नातेवाइकाने आणलेलं यंत्र सोबत नेऊ का, असं कुणी विचारलं की मी स्पष्ट नाही म्हणतो.

या कडकपणामागचं कारण मी समजू शकतो. मुंबईवरच्या 26/11 च्या हल्ल्यात अतिरेक्यांनी उपग्रह फोन वापरले होते. पण नोंदणी केलेलं बीकन हे चोरून बोलण्याचं साधन नव्हे. मी कोण आणि कुठे आहे, हे ते थेट सरकारी केंद्रालाच कळवतं. आणि हे कसं करायचं हे आपल्या देशाला उत्तम ठाऊक आहे. मच्छीमारांसाठी इस्रोने 2010 पासून संकटसूचक यंत्रं दिली. 2024 च्या सुधारित यंत्रावर तर ‘तुमची हाक पोहोचली’ असं उत्तरही परत येतं. त्याच वर्षी 30 ऑगस्टला पालघरमध्ये एक लाख बोटींवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याची योजना सुरू झाली.

समुद्रावर जमलं ते जंगलात का जमू नये? इस्रोच्या त्या यंत्राचा संकेत इनसॅट मालिकेतले उपग्रह झेलतात. ते आपल्या रेखांशाच्या जवळपासच असल्याने विदर्भातून क्षितिजापासून सुमारे 65 अंश उंचीवर दिसतात. त्यामुळे बऱ्याच दऱ्यांतूनही त्यांच्याकडची वाट मोकळी मिळेल. भामरागडच्या आशाताईंकडे, मेळघाटातल्या वनरक्षकांकडे, नागद्वारच्या वाटेवरच्या सेवा मंडळांकडे अशी नोंदणीकृत यंत्रं हवीत. ट्रेकर्सनाही ती ठरावीक दिवसांसाठी भाड्याने मिळायला हवीत. ही चैनीची मागणी नाही, संकटात हाक मारता येणं हा नागरिकाचा हक्क आहे.

ते होईपर्यंत आपल्या हातात बरंच काही आहे. निघण्यापूर्वी एका कागदावर वाट, मुक्काम, सोबत्यांची नावं, रक्तगट, चालू औषधं आणि परतीची वेळ लिहा. त्याखाली आणखी एक वेळ लिहा: तोवर निरोप आला नाही तर शोध सुरू करायचा. कागद घरच्या एका जबाबदार माणसाकडे द्या आणि त्याला 112 व जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 हे क्रमांक पाठ करायला सांगा. फोन विमान मोडवर ठेवून बॅटरी वाचवा. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून 112 लागू शकतो, म्हणून प्रयत्न सोडू नका. कॉल लागत नसेल तर घरच्यांना एसएमएस करून पाहा, क्षीण रेंजमध्येही तो अनेकदा जातो.

जागा सांगताना अंश दशांशात आहेत की मिनिटांत, हे उच्चारून सांगा. नागपूरचा अक्षांश सुमारे 21.15 अंश. कुणी तो 21 अंश 15 मिनिटं असा टिपला, तर शोधपथक 11 किलोमीटर उत्तरेला जाईल. जखमी माणसासाठी तेवढं अंतर म्हणजे एक रात्र.

उद्या कायदा बदलेल, खिशातल्या साध्या फोनवरूनही उपग्रहाशी बोलता येईल. तरीही पलीकडे कुणी वाट पाहत नसेल, तर हाक वाया जाईल. म्हणून आधी तो कागद लिहा, तो माणूस ठरवा, आणि मग यंत्राची चौकशी करा.