मेलबर्नची भोगी

विटा,
पौष, भोगीच्या आधी

चि. मुक्ता,

तुझा मेसेज वाचून आधी हसले, मग दिवसभर तेच डोक्यात. ‘आत्या, इथे उन्हानं जीव जातोय. तरी भोगीला तीळ लावून बाजरीची भाकरी खायचीच का?’ तिकडे एवढी वर्षं काढून तुझ्या बापाला कधी हे विचारावंसं वाटलं नाही.

आयुर्वेदातल्या वाग्भटाला विचारशील तर नको. त्याच्या अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात तिसरा अध्याय ऋतुचर्येचा. थंडीत बाहेरच्या गारठ्यानं अंगातली ऊब आतच कोंडते, जठराग्नी पेटतो, आणि त्याला दमदार अन्न मिळालं नाही तर तो शरीरालाच खायला उठतो. म्हणून आपल्याकडे या दिवसांत तीळ, गूळ, लोणी, भाजीत पावटा, सोलाणे, गाजर, वांगं. तुझ्याकडे जानेवारी म्हणजे ग्रीष्म. ग्रीष्मात तो गोड, हलकं, पातळ, गार खायला सांगतो. तिखट, आंबट, खारट आवर म्हणतो. गार पाण्यानं अंग भिजवून साखर घातलेलं सातूचं पीठ चाटावं, हे त्याचंच. दुपारची झोपही या एका ऋतूत त्याला चालते, तेवढं तुझ्या साहेबांना कळव.

पण आमच्या माईपुढे वाग्भटाचं काही चाललं नसतं. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ म्हटलं की तिच्या लेखी विषय संपला. दुष्काळातली ती भोगी, ७२ की ७३ यावर तुझा बाप अजून माझ्याशी वाद घालतो. घरात बाजरी नव्हती. रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची, परदेशातून आलेली. तिची भाकरी थापताना चिरायची. माई उकळतं पाणी घालून पीठ मळत बसायची, मळत बसायची. तीळ वाटीच्या तळाशी होते तेवढेच. ते तिनं भाकरीच्या मधोमध लावलेच नाहीत, नुसते कडेकडेनं दाबले. कड कोरडी, ती पोरं टाकतात, म्हणून. तव्यावरून उडालेले तीळ आम्ही राखेतून वेचून खाल्ले. भाजी काय होती ते काही केल्या आठवत नाही.

आता इथे विट्यातसुद्धा बारा महिने फ्लॉवर आणि मटार. मे महिन्यात मटार-उसळ करणाऱ्या घरात मी राहते, तुला काय सांगणार! तू निदान विचारतेस तरी. पुढे तुझी पोरं विचारतील का, हा घोर लागतो बघ.

तर असं कर. उत्तरायणात सूर्य माणसाचं बळ ओढून घेतो, दक्षिणायनात परत देतो, हे आपल्या बाजूचं गणित. तुझ्याकडे ते उलटं. भाकरी-भाजी जुलैत कर, तीळ सढळ हातानं लाव. १४ जानेवारीला मात्र तिळाची एक वडी तोंडात टाक. ती प्रकृतीसाठी नाही, माझ्यासाठी.

पाडव्याला सवलत नाही. आपल्याकडे तेव्हा वसंतातल्या कफावर कडुनिंब. तुझ्याकडे त्याच सुमारास शरद, आणि शरदातल्या पित्तालाही कडूच लागतं. तेव्हा निसटायला वाट नाही. तिथल्या भारतीय दुकानात पाला मिळतो का ते आत्तापासून विचारून ठेव. कढीपत्ता उचलून आणू नकोस, मागच्या वर्षीच्या फोटोत मला दिसला होता.

तुझी,
आत्या