पत्रिका जुळेना!

मामीचा फोन आला तेव्हा मी डेडलाइनच्या पार तोंडावर होते. "तू पेपरात लिहितीस न्हवं? मग तूच सांग त्याला. माझं कोण ऐकतंय!"

त्याला म्हणजे दादाला. माझा मामेभाऊ, वय एकतीस, माढ्यात लेथ आणि वेल्डिंगचं वर्कशॉप, बिनव्यसनी, स्वतःचं घर. थोडक्यात, कागदावर एकदम सॉलिड स्थळ. झालं होतं असं, की मुलीकडची मंडळी घर बघायला आली. चहा झाला, द्राक्षांचे भाव झाले आणि मग मुलीच्या वडिलांची नजर ओसरीवर टांगलेल्या सहा फुटी लाकडी पात्यावर गेली. हे काय म्हणून त्यांनी विचारलं. दादानं खरं ते सांगितलं : "प्रोपेलर. विमानाचा." त्या मंडळींचा पुन्हा फोन आला नाही.

मी शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून हुतात्मा पकडली. अगदी खरं सांगायचं तर मामीसाठी नाही. मी एका संपादकांना हा किस्सा सांगितला होता आणि ते खुर्चीतून उठलेच होते. "माढ्याचा राईट ब्रदर! भारी हेडलाइन आहे. फोटो मस्त आण." फ्रीलान्सरला असं कुणी म्हटलं की तो आधी तिकीट काढतो, बाकीचा विचार नंतर.

शनिवारी सकाळी दादानं शेडचं दार उघडलं. मला वाटलं होतं, विमान दिसेल. विमान नव्हतंच. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्रॉलीच्या सांगाड्यावर नटबोल्टनी आवळलेलं एक इंजिन तेवढं होतं. एवढंसं! घरातल्या मिक्सरचा मोठा भाऊ म्हणावा, इतपत.

"आरएक्स-८ चं हाय," दादा म्हणाला. माझदा ही कंपनी भारतात गाड्या विकत नाही, पण कुणीतरी हौसेनं परदेशातून आणलेली, नंतर ठोकलेली एक गाडी मुंबईच्या भंगारात निघाली आणि तिचं काळीज माढ्याला आलं. किती पैसे गेले हे मामीला आजही माहीत नाही. इथेही लिहीत नाही.

या इंजिनाला रोटरी किंवा वँकेल म्हणतात. यात पिस्टन नाहीत, व्हॉल्व्ह नाहीत. शेंगेच्या टरफलासारखी, मधे किंचित चेपलेली एक पोकळी, आणि तिच्यात गरगरणारा फुगीर बाजूंचा त्रिकोण. असे दोन त्रिकोण, म्हणजे दोन रोटर. प्रत्येकी ६५४ सीसी. त्रिकोणाची एक फेरी झाली की शाफ्टच्या तीन होतात. हलणारे भाग कमी, थरथर कमी, वजनाच्या मानानं ताकद जबरदस्त. घरी विमान बांधणाऱ्या जगभरच्या वेड्यांना हे इंजिन आवडतं ते याचसाठी. बदल्यात ते पेट्रोल पितं, तापतं आणि बोंबलतं.

"मग अडलंय कुठं?" मी विचारलं.

"पंख्यात," दादा म्हणाला. आमच्या घरात प्रोपेलरला पंखाच म्हणतात.

त्यानं कालनिर्णयचं जुनं पान उलटं केलं आणि पेन्सिलीनं आकडे मांडले. पुढचा अर्धा तास मी बी.ए.ला असताना सोडून दिलेलं फिजिक्स शिकले. या इंजिनाची खरी ताकद मिनिटाला सात हजार फेऱ्यांच्या आसपास आणि वर निघते. आता सहा फुटी, म्हणजे साधारण १.८ मीटरचा पंखा थेट त्या शाफ्टला बसवला, तर त्याची टोकं सेकंदाला ६६० मीटर वेगानं फिरतील. आवाजाचा वेग साधारण ३४० मीटर. टोकं आवाजाच्या वेगाजवळ गेली की पंखा हवा ओढायचं सोडतो आणि नुसता किंचाळतो. म्हणून पंख्याला हव्यात अडीच हजारांच्या आसपास फेऱ्या, आणि इंजिन म्हणतं, सात हजारांच्या खाली मला मजा नाही.

एक पहाटे चारला उठणारा, दुसरी दुपारी बाराला. संसार कसा व्हायचा?

मधे मध्यस्थ लागतो. म्हणजे फेऱ्या कमी करणारी गिअरपेटी. २.८ ला १ असा हिशेब धरला तर सात हजाराचे अडीच हजार होतात, टोकाचा वेग २३५ मीटरवर येतो आणि दोन्ही बाजू खूश. निदान कागदावर.

गंमत म्हणजे शंभर वर्षांपूर्वी ही भानगडच नव्हती. पहिल्या महायुद्धातल्या सॉपविथ कॅमलसारख्या विमानांत रोटरी नावाचंच, पण वेगळं इंजिन असे. त्यात शाफ्ट विमानाला पक्का आणि सगळं इंजिनच पंख्यासकट गोल फिरायचं! दोघांच्या फेऱ्या एकच. एकत्र कुटुंब. नाव सारखं असल्यामुळे इंटरनेटवर शोधताना मी आधी भलत्याच गल्लीत शिरले होते, ते दादाला कळलं तेव्हा तो खूप हसला.

पण फेऱ्या जुळल्या म्हणजे झालं, असंही नाही. पंख्याला किती ताकद लागते, ते फेऱ्यांच्या घनावर आणि व्यासाच्या पाचव्या घातावर ठरतं. फेऱ्या दहा टक्के वाढवल्या तर तेहतीस टक्के जास्त ताकद लागते. व्यास दहा टक्के वाढवला तर एकसष्ट टक्के! इंचभर लाकूड जास्त ठेवलं की गणित बदललं. शिवाय पात्याचा पीळ. पीळ जास्त दिला तर उसाची भरलेली ट्रॉली टॉप गिअरमध्ये चढावर घालावी तसं इंजिन गुदमरतं आणि सात हजारापर्यंत पोचतच नाही. कमी दिला तर नुसतं भिंगरीसारखं पळतं, ओढ शून्य. त्यात पुन्हा आपलं माढं. समुद्रसपाटीपासून साधारण पाचशे मीटर उंच, आणि मे महिन्यात ४२ डिग्री. अशी हवा पुस्तकातल्या हवेपेक्षा जवळजवळ चौदा टक्के पातळ असते. म्हणजे अमेरिकेतल्या कुणाचा जमलेला पंखा जसाच्या तसा कॉपी करूनही इथे जमत नाही.

पहिला मध्यस्थ होता दातेरी पट्टा. त्याचे दात तिसऱ्या दिवशी गेले. मग दादानं सोलापूरच्या एमआयडीसीतून दोन गिअर कापून आणले. मोठ्या थाटात इंजिन चालू केलं, आणि ट्रॉली पुढे जायच्या ऐवजी मागे, मामीच्या वाळवणाकडे निघाली. पट्टा दोन्ही चाकं एकाच दिशेनं फिरवतो, पण गिअरला गिअर लावला की दिशा उलटी होते. पंखा मात्र जुन्याच दिशेसाठी कोरलेला! राईट बंधूंनी १९०३ साली हीच गोष्ट मुद्दाम केली होती. त्यांना दोन पंखे एकमेकांच्या उलट फिरवायचे होते, म्हणून त्यांनी एका बाजूची साखळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी पिळून घातली. दादाकडून ते चुकून झालं. कुरडया गेल्या. मामी हा किस्सा अजून सगळ्या पाहुण्यांना सांगते.

मी हे सगळं भराभर लिहून घेत होते. मनातल्या मनात पहिला परिच्छेद तयार होता. आजोबा कुर्डुवाडीला नॅरोगेजच्या वर्कशॉपमध्ये फिटर, नातू विमानाच्या मागे. १८९७ च्या बार्शी लाइट रेल्वेपासून थेट आकाशापर्यंत! वाचकांना असं आवडतं. मलाही आवडतं.

मग मी फोटोसाठी अँगल शोधायला शेडच्या बाजूच्या भिंतीकडे गेले. तिथे देवीच्या फोटोचं एक कॅलेंडर अगदीच विचित्र उंचीवर, माझ्या खांद्याजवळ टांगलेलं होतं. माढेश्वरीचा फोटो कुणी इतका खाली लावत नाही. मी ते सरकवलं. मागे पत्र्याला भोक होतं. लांबट, वीतभर, कडा बाहेरच्या बाजूला फाटलेल्या.

"आईला सांगू नको," दादा मागून म्हणाला.

उलट दिशेचा नवीन पंखा माढ्यातल्याच एका सुतारांनी करून दिला होता. सागवानाच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून, कारण एकसंध लाकूड पिळतं. सागवान तेलकट असतं, डिंक नीट धरत नाही. चिकटवायच्या आधी ते पुसून तेल काढायला हवं, हे सुतारकाका दोनदा बोलले होते. दादाला घाई होती. तिसऱ्या टेस्टला, चोवीसशे फेऱ्यांवर, टोकाचा दोनशे ग्रॅमचा तुकडा सुटला.

"दोनशे ग्रॅम म्हंजे किती?" दादा स्वतःच बोलायला लागला. "वाटीभर साखर. पण तिथं फिरताना त्याला धरून ठेवायला जवळजवळ अकराशे किलोची ओढ लागती. मी नंतर काढलं गणित. आधी काढाय पायजे होतं."

भोकापाशी पाच मिनिटं आधी गल्लीतला एक मुलगा उभा होता. त्याची आई हाक मारत आली म्हणून तो गेला. पंख्याच्या पुढे उभं राहायचं नाही, हे सगळ्यांना कळतं. पण तुटलेलं पातं पुढे जात नाही, ते बाजूला जातं. फिरणाऱ्या चकतीच्या रेषेत. आणि गर्दी नेमकी तिथेच उभी राहते, कारण तिथून छान दिसतं. फोटोसाठी मीही तिथेच उभी होते.

दादानं ड्रॉवरमधून एक कात्रण काढलं. २०२१ चा ऑगस्ट, यवतमाळ जिल्ह्यातलं फुलसावंगी. घरी हेलिकॉप्टर बांधणारा चोवीस वर्षांचा वेल्डर, चाचणीत पातं तुटून डोक्याला लागलं आणि गेला. "माझ्याच धंद्यातला," दादा म्हणाला. "रोज वाचतो."

मला त्या कात्रणापेक्षा माझीच एक जुनी स्टोरी आठवली. अशाच एका 'देसी जुगाड'वाल्यावर मी लिहिलं होतं. हजार शब्द, दोन फोटो, आणि 'डिग्री नसताना केलेली कमाल' वगैरे. त्याचं यंत्र सुरक्षित आहे का, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. तो विचारला असता तर स्टोरी मेली असती.

दुपारी जेवताना मी गप्प होते. भाकरी वाढता वाढता मामीनं माझ्याकडे एकदा बघितलं, दादाकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "भोक दिसलं व्हय गं तुला?"

दादाचा घास हातातच राहिला.

"पावसाचं पाणी कॅलेंडरमागून कसं यायलंय, ते मला कळत न्हाई व्हय? दोन म्हैने झाले." मामी चिडली नव्हती, तेच जास्त वाईट वाटत होतं. "कुणी बनवूच नये का विमान? बनवा की. पण पोरं का गोळा करतोस?"

यावर दादाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. मी विषय बदलावा म्हणून कॅप्टन अमोल यादवांचं नाव काढलं. व्यवसायानं पायलट. मुंबईत चारकोपला राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा सीटर विमान बांधलं, २०१६ मध्ये ते 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात मांडलं, आणि डीजीसीएची नोंदणी मिळायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला. दादाला हे सगळं पाठ. पण त्याचा खरा हिरो वेगळाच निघाला. शेजारच्या नगर जिल्ह्यातली, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची, व्हीआरडीई ही संरक्षण खात्याची संस्था. तिनं बंगळुरूच्या एनएएल आणि एडीई या संस्थांबरोबर ५५ हॉर्सपॉवरचं भारतीय वँकेल इंजिन बनवलं, आणि २००९ मध्ये ते 'निशांत' या बिनपायलटच्या विमानावर उडालं. "पायलट न्हाई, म्हंजे पडलं तर पडलं," दादा म्हणाला. "मी उडायचं म्हणतच न्हाई अजून. आधी ही जोडी तर जमू दे."

मामी म्हणाली, "तुझी आधी जमू दे."

रविवारी टेस्ट होती. नवा पंखा महोगनीचा, लाकूड पुण्याच्या टिंबर मार्केटातून आणलेलं, कडेला फायबरचं आवरण. सुतारकाकांनी तो सुरीच्या धारेसारख्या पट्टीवर आडवा टांगून तोलला होता. एक बाजू केसभर हलकी निघाली, तर तिला वार्निशचा एक हात जास्त. मी ते बघून थक्क झाले. काकांना त्यात विशेष काही वाटत नव्हतं.

या वेळी ट्रॉली रानात नेली. पंख्याच्या दोन्ही बाजूंना मातीनं भरलेल्या गोण्यांची छातीभर उंच भिंत. थ्रॉटलची केबल लांबवून चाळीस फूट मागे, बांधाच्या आड. ट्रॉली जाड दोरानं लिंबाच्या बुंध्याला बांधलेली आणि दोराच्या मधे स्प्रिंगचा काटा. मामी रस्त्यावर काठी घेऊन उभी, एकही पोरगं आत येऊ द्यायचं नाही म्हणून. तिनं माझ्या हातातला कॅमेराही बघितला आणि काठीनंच जागा दाखवली : "हितं. मागं."

तिथून पंखा दिसत नव्हता. गोण्या दिसत होत्या.

इंजिन चालू झालं. दीड हजारावर गिअर खडखडले. तिथे थांबायचं नाही, पटकन पुढे जायचं, हे दादानं आधीच सांगितलं होतं. मग आवाज एकदम सरळ झाला. दोर ताणला. लिंबाची पानं मागच्या मागे उडायला लागली. दादा एक डोळा दुर्बिणीला लावून काट्याकडे बघत आकडे ओरडत होता आणि मी कालनिर्णयच्या मागे लिहीत होते : नव्वद, एकशे दहा, एकशे चाळीस. तिथे फेऱ्या अडकल्या. पाच हजार आठशे. त्याच्या वर जाईनात.

त्यानं इंजिन बंद केलं. रानात इतकी शांतता झाली की रस्त्यावरून मामीचं "झालं का?" स्पष्ट ऐकू आलं.

"पीळ जास्त झालाय," दादा म्हणाला. "दोन इंच कमी कराय लागतील." आणि तो सुतारकाकांना फोन लावायला बांधावरून उठला.

संपादकांना मी सोमवारी फोन केला. विमान नाहीये, म्हटलं. पंख्याच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा फोटोही मिळणार नाही. गोण्यांचा आहे.