जळकोटच्या परसात डेक

पुण्यातल्या वन बीएचकेच्या बाल्कनीत धड दोन खुर्च्या मावत नाहीत. म्हणूनच की काय, ऑफिसातून कॅबने परतताना मी मोबाइलवर डेकचे व्हिडिओ बघत बसतो. घरामागे हिरवळ, त्यावर लाकडी फळ्यांचा प्लॅटफॉर्म, कोपऱ्यात झुला, वर दिव्यांची माळ. तुम्हीही बघत असणार, कबूल करा!

फरक इतकाच, की माझ्याकडे घरामागची जागा खरोखर आहे. फक्त ती बाणेरला नाही, जळकोटला आहे.

जळकोट म्हटलं की कोणीतरी हमखास विचारतं, ‘नळदुर्गजवळचं का?’ नाही हो, ते तुळजापूर तालुक्यातलं. आमचं जळकोट लातूर जिल्ह्याच्या टोकाला, उदगीरच्या पुढे, नांदेडच्या हद्दीला खेटून. बालाघाटाचे उघडे माळ, तिरू नदी, ज्वारी, तूर आणि सोयाबीन. 1982 मध्ये उस्मानाबादमधून लातूर वेगळा जिल्हा झाला, 1999 मध्ये आमचं गाव तालुका झालं. तेव्हापासून बोर्ड बदलले, बाजार वाढला. घरामागचं परस मात्र होतं तसंच राहिलं. 20 बाय 18 फूट, त्यात एक कडुनिंब, एक धुण्याचा दगड आणि कपड्यांची दोरी.

मेमध्ये आठवड्याची सुट्टी काढली, रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली आणि लॅपटॉपमध्ये डिझाइन घेऊन घरी पोहोचलो. 16 बाय 14 फुटांचा डेक, वुड-प्लास्टिकच्या फळ्या, वर पर्गोला. आईने स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाली, ‘‘वटा म्हण की सरळ! डेक-बिक काय करायलास?’’

आधी माती बघा

गवंडी मामा आले ते टेप घेऊन नाही, पहार घेऊन. परसात मे महिन्याच्या भेगा पडलेल्या. त्यांनी एका भेगेत पहार घातली, ती वीतभर सहज आत गेली. मग न्हाणीजवळच्या कोब्याकडे बोट दाखवलं. काही वर्षांपूर्वी हौसेने केलेला तो कोबा तीन तुकड्यांत फुटून वर-खाली झाला होता. ‘‘फळ्या टाका नायतर सोनं टाका,’’ मामा म्हणाले, ‘‘खालची काळी हाललीय की वरचं हालणारच.’’

मी बघितलेल्या सगळ्या व्हिडिओंत हीच गोष्ट वगळलेली होती. खरं तर अमेरिकेतल्या थंड भागात डेकचे खांब खोल गाडतात ते याच कारणासाठी. तिथे हिवाळ्यात जमिनीतलं पाणी गोठतं, जमीन फुगते आणि उथळ खांब उचलले जातात. म्हणून जिथवर जमीन गोठते त्याच्याही खाली पाया न्यावा लागतो. आमच्याकडे बर्फ नाही, पण काळी माती आहे. काळ्या पाषाणाची झीज होऊन बनलेल्या या मातीतली चिकणमाती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिथे थंडी जे करते, ते इथे पाऊस आणि ऊन मिळून करतात.

मामांचा उपाय जुनाच होता. ओट्यापुरती काळी माती काढायची, चुनखडीसारखं पांढरं काहीतरी किंवा घट्ट मुरूम लागेपर्यंत खणायचं. आमच्याकडे तो साडेतीन फुटांवर लागला. मग बाहेरून मुरूम आणून अर्ध्या-अर्ध्या फुटाचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि धुम्मस. चार दिवस नुसती ठोकाठोकी! डिझाइनच्या फाइलमध्ये या कामाला एक ओळसुद्धा नव्हती.

फळ्यांचा बेतही तिथेच बारगळला. लाकडाला वाळवीची भीती. वुड-प्लास्टिकला वाळवीचा त्रास नाही, पण आमच्या चाळीसच्या वरच्या उन्हात ते इतकं तापतं, की अनवाणी पाय ठेववत नाही. आणि आमच्या घरी चपला घालून ओट्यावर कोण बसणार? शेवटी निवडली शहाबादी फरशी, पॉलिश न केलेली, म्हणजे ओल्या पायाने घसरायला नको. उन्हात तीही तापते, हे खरं. पण आमचं परस घराच्या पूर्वेला आहे. दुपार कलली की घराचीच सावली तिथे पडते, वर बादलीभर पाणी शिंपडलं की काम झालं. गंमत म्हणजे 1956 पर्यंत शहाबाद आणि जळकोट एकाच हैदराबाद राज्यात होते. ही फरशी आमच्याकडे पाहुणी नव्हेच, आजोबांच्या ओसरीतही तीच होती.

आईची एकच अट

माप मात्र मी सोडायला तयार नव्हतो. 16 बाय 14. एवढी जागा आहे तर वापरायला नको?

आई दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, ‘‘सगळं परस भरू नको. मोकळं ऱ्हाऊ दे थोडं.’’ मला वाटलं, पापड-कुरडयांसाठी. तसं विचारलं तर मान हलवली. ‘‘भूकंपाच्या साली आम्ही इथंच झोपलो होतो.’’

30 सप्टेंबर 1993. माझा जन्म त्यानंतरचा. किल्लारी आमच्यापासून बरंच लांब, औसा तालुक्यात. तिकडे हजारो माणसं गेली. गणपती विसर्जनाची रात्र, पहाटे चारच्या सुमाराचा धक्का, माणसं झोपेतच सापडली. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर माळवदाच्या मातीचं ओझं. उन्हाळ्यात घर गार ठेवणारं तेच बांधकाम अंगावर आलं.

आमच्या घराचं तेव्हा माळवदच होतं. ते पडलं नाही, पण त्याखाली झोपायची हिंमत कोणाची होईना. आईने ताईला, तेव्हा ती तान्ही होती, कडुनिंबाखाली बाजेवर झोपवलं. कितीतरी रात्री सगळं घर तिथेच. पुढे बाबांनी माळवद उतरवलं आणि सिमेंटचं घर बांधलं. या सगळ्याबद्दल आमच्याकडे फारसं बोललं जात नाही. एवढंच, की आई आजही रात्री परसाच्या दाराला कुलूप लावू देत नाही, नुसती कडी. मला ते कायम विसरभोळेपणाचं वाटायचं.

त्या रात्री मी डिझाइन पुन्हा उघडलं. पर्गोला डिलीट केला, डोक्यावर काहीच नको. डेक 10 बाय 8 वर आणला आणि घराच्या दाराला लागून न ठेवता एका बाजूला सरकवला. दारातून निघून पावलं सरळ मोकळ्या मातीवर पडली पाहिजेत, अंधारातही. उंची दीड फूट ठेवली, म्हणजे कडेवर पाय सोडून बसता येतं, वेगळा बेंच नको. आईला चढायला एक रुंद पायरी. बाकीची जागा माती आणि कडुनिंब यांची.

त्याचा दुसरा फायदा पावसाळ्यात कळेल. 2016 मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा जिल्ह्यात परसभर सिमेंट फासून पावसाचं पाणी गटारात सोडणं बरं दिसत नाही. आता ओट्याचा उतार कडुनिंबाकडे आहे, पाणी तिकडेच मुरेल.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ओट्यावर पाणी शिंपडलं. शेजारच्या काकू तुरीच्या डाळीचं सूप घेऊन आल्या आणि कडेवर बसून पाखडायला लागल्या. बाबांनी मात्र बाज ओट्यावर चढवली नाही, कडुनिंबाखाली मातीवरच टाकली. डेक म्हणून त्याला अजून कोणी हाक मारलेली नाही. दिव्यांची माळ मी पुण्यातून नेली होती, ती आईने गणपतीसाठी ठेवून दिली.

तुम्हालाही करायचा असेल तर

• खणून बघितल्याशिवाय डिझाइन फायनल करू नका. काळी माती असेल तर ती काढून मुरूम भरणं हाच खरा खर्च आहे.
• ओटा घराच्या भिंतीला जोडू नका. मध्ये फट ठेवा, म्हणजे एक हलला तरी दुसऱ्याला तडा जाणार नाही.
• उतार घरापासून लांब, साधारण 8 फुटांना 1 इंच.
• झाडाच्या बुंध्याभोवती किमान अडीच-तीन फूट माती मोकळी सोडा.
• संध्याकाळी पाच वाजता सावली कुठे पडते ते आधी बघा, जागा तिथेच धरा.
• आणि घरातल्या मोठ्यांना विचारा, या जागेत आतापर्यंत काय काय झालं आहे.