बर्फ, चिखल आणि मोटारसायकल

वराळ्यात बर्फ पडत नाही. आमच्या मावळातला बर्फ म्हणजे रसवंतिगृहात गोणपाटात गुंडाळून ठेवलेली लादी, नाहीतर जत्रेतला गोळा. साऱ्या महाराष्ट्राचे म्हणाल, तर थंडीतल्या एखाद्या पहाटे महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठते आणि वर्तमानपत्रांत त्याचे छायाचित्र येते. एवढ्या भांडवलावर बर्फात मोटारसायकल कशी चालवावी हे सांगणे म्हणजे वाळवंटातल्या माणसाने पोहण्याचा वर्ग काढण्यासारखे आहे.

पण तो वर्ग मला काढावा लागला, तो माझ्या भाच्यापायी. पुण्यामुंबईच्या तरुणांना अलीकडे एक नवे तीर्थक्षेत्र सापडले आहे. उन्हाळा आला की ते मोटारसायकलींवरून लडाखला निघतात, लेहच्या वरच्या खारदुंग ला या खिंडीत पोचतात आणि तिथल्या पाटीशेजारी उभे राहून फोटो काढून घेतात. त्या पाटीने वर्षानुवर्षे १८,३८० फूट उंची मिरवली. प्रत्यक्ष मोजणीत ती सुमारे १७,५८० फूट भरली. मात्र आठशे फूट घटले म्हणून तिथली थंडी काही घटली नाही. ऐन जूनमध्येही तिथे बर्फ पडतो.

भाच्याने बेत जाहीर केला तेव्हा धाकटी बहीण माझ्याकडे आली. "दादा, तू त्याला नको म्हणून सांग. तुझं तो ऐकतो."

नकार देण्याचे काम घरोघरी मामाच्याच वाट्याला येते. मी म्हटले, "नको म्हणून सांगत नाही. पुढच्या वर्षी जाऊ दे. तोवर पावसाळ्यातला एक महिना त्याला वराळ्याला पाठव."

आषाढातले मावळ तुम्ही पाहिले आहे काय? इंद्रायणीकाठच्या खाचरांत चिखलणी चाललेली असते. ट्रॅक्टर खाचरातून निघून रस्त्यावर येतो तो चाकांना लागलेला चिखल वाटभर सांडत. त्यावर पावसाची बारीक भुरभुर झाली, की डांबर साबण लावल्यासारखे होते. आमचा बर्फ तो हाच. जोराच्या सरीने हा चिखल वाहून तरी जातो. भुरभुर त्याला नुसता भिजवून ठेवते. पहिल्या पावसाचेही तसेच. वर्षभर रस्त्यावर गळलेले तेल पाण्यावर तरंगते आणि माणसे पटापट आडवी होतात. शिवाय रस्त्यावरचे पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणे, झाडाखालचा ओला पाचोळा. द्रुतगती मार्गावर दुचाकीला मज्जाव असल्यामुळे आम्हाला जुन्या खंडाळ्याच्या घाटानेच जावे लागते, आणि तिथे या साऱ्यांच्या जोडीला धुके असते.

भाचा पहिल्या दिवशी म्हणाला, "मामा, माझ्या गाडीला एबीएस आहे." असणारच. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या दुचाक्यांना ते सक्तीचेच झाले आहे. ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ नये एवढे ते पाहते. पण टायरला रस्ता धरता येत नसेल, तर ती पकड ते कुठून आणणार? ताशी ४० किलोमीटरच्या वेगात ब्रेक लावला, तर कोरड्या डांबरावर गाडी साधारण ३० फुटांत थांबते, ओल्यावर ४०-४५ फूट घेते आणि गुळगुळीत बर्फावर सुमारे २०० फूट. गाडी तीच, ब्रेक तेच.

महिनाभर मी त्याला एकच गोष्ट शिकवली : हलका हात. रेस हळू सोडायची, क्लच हळू सोडायचा, वेग उतरवायचा तो वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना. उतारावर खालचा गिअर आधीच घालून इंजिनाला गाडी धरू द्यायची. चिखलात पहिल्याऐवजी दुसऱ्या गिअरवर निघायचे, म्हणजे मागचे चाक जागच्या जागी फिरत नाही. हँडल घट्ट आवळून धरायचे नाही. गाडी थोडी डुलली तर डुलू द्यायची. पुढच्या वाहनापासून नेहमीच्या तिप्पट अंतर ठेवायचे. धाडसी माणूस निसरड्यावर पडतो, तसा भित्राही पडतो. एक अवचित रेस देतो, दुसरा अवचित ब्रेक दाबतो. निसरड्या वाटेला अवचित काहीच खपत नाही.

बर्फाच्या ज्या खोड्या चिखलाला ठाऊक नाहीत, त्या तेवढ्या तोंडी सांगितल्या. ताजा भुसभुशीत बर्फ टायरला थोडी तरी पकड देतो. गाड्यांनी दाबून घट्ट केलेला चाकोरीतला बर्फ काचेसारखा असतो. पूल आधी गोठतात, कारण थंड वारा त्यांच्या खालूनही वाहतो. दुपारी बर्फ वितळून ओढे फुगतात, म्हणून ते सकाळी ओलांडायचे. पण सकाळीच सावलीतल्या वळणांवर बर्फाचा पातळ पापुद्रा असतो. तो पारदर्शक असल्यामुळे रस्ता नुसता ओला दिसतो. त्याची एक खूण आहे : रस्ता ओला दिसावा आणि पुढच्या गाडीच्या चाकांतून पाण्याचे तुषार मात्र उडू नयेत. बोटे बधिर झाली तर थांबायचे, कारण बधिर बोटांना हलका हात ठेवता येत नाही. आणि शेवटचे म्हणजे, परत फिरायला लाजायचे नाही.

पुढच्या जूनमध्ये भाचा गेला. बहिणीच्या घरी आठ दिवस फोनची घंटा वाजली की सगळेच दचकत. नवव्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो.

"मामा, लेहहून निघालो. साउथ पुल्लूच्या चौकीच्या पुढे गेलो आणि एका वळणावर रस्ता ओला दिसला. पुढे जीप होती. तुषार उडत नव्हते."

"मग?"

"गाडी वळवली. बरोबरचे तिघे चिडले, पण आले मागून. उद्या पहाटे मनालीकडं निघायचं असल्यानं आता परत वर जाणं नाही. पाटीचा फोटो राहिला."

मी काही बोलण्याआधीच बहिणीने फोन माझ्या हातातून घेतला. खिंड, पाटी, बर्फ यांतले तिने काहीच विचारले नाही. पदराने डोळे टिपत ती एवढेच म्हणाली, "जेवलास का रे?"