तिसऱ्या चाकाचे पेट्रोल

साइडकार जोडलेल्या बुलेटचे ॲव्हरेज का पडते, हे पाहायला पुणे ते कोल्हापूर या रस्त्याइतका सोयीचा रस्ता दुसरा नाही. अंतर सुमारे २३० किलोमीटर, आणि दोन्ही शहरे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ एकाच पातळीवर. मध्ये खंबाटकीचा घाट आहे, साताऱ्याकडचा चढता-उतरता पट्टा आहे, कराडनंतर कृष्णाकाठची सपाटी आहे. गाडीला जे जे सोसावे लागते, ते सगळे एका दिवसाच्या रस्त्यात सापडते. साइडकारची गाडी पेट्रोल पिते म्हटले की आपल्याकडे पहिला हात कार्ब्युरेटरला जातो. मिश्रण कमी करा, लहान जेट टाका, एअर फिल्टर बदला. या रस्त्याने जाताना आणि येताना मी एकच गोष्ट तपासत होतो: हे जास्तीचे पेट्रोल खरोखर इंजिनात वाया जाते, की इंजिनाच्या बाहेर? माझे उत्तर स्पष्ट आहे. बाहेर जाते, सगळ्यात जास्त वाऱ्यात, मग चाकांत, आणि इंजिनाचा नंबर त्यानंतर.

आधी मोजण्याबद्दल, कारण बहुतेक वाद तिथेच बिघडलेले असतात. बुलेटच्या मीटरला किलोमीटर कळतात ते पुढच्या चाकावरून. साइडकार लावताना पुढे वेगळ्या मापाचा टायर बसवला असेल, तर मीटर आणि त्यावरून काढलेले ॲव्हरेज दोन्ही चुकतात. महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांशी मीटर पडताळून घेतल्याशिवाय कुठल्याही आकड्यावर विश्वास ठेवू नये. टाकी मात्र साइडकारवाल्याची नीट भरते; गाडी स्टँडवर कलत नाही, जवळपास सपाट उभी राहते, त्यामुळे एकाच पंपावर, एकाच खुणेपर्यंत भरलेल्या टाकीचा हिशेब एकट्या मोटारसायकलपेक्षा भरवशाचा असतो. आणि मोजायचे ते जाऊन-येऊनच. पुण्याहून साताऱ्याकडे जाणारी वाहतूक खंबाटकीचा घाट चढते, येणारी वाहतूक बोगद्यातून निघते. एका बाजूचे ॲव्हरेज दुसऱ्या बाजूला लावणे चूक आहे.

कात्रजच्या बोगद्यातून बाहेर पडून खेड-शिवापूर मागे टाकले, नीरेचा पूल ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरलो, आणि शिरवळ-खंडाळ्यानंतर घाट समोर आला. या मार्गावरचा प्रत्येक वाहनचालक पेट्रोलचे खापर या घाटावर फोडतो. हिशेब करून पाहू. गाडी, साइडकार, चालवणारा आणि सामान मिळून ३५० किलो धरले, तर १०० मीटर उंच चढायला साधारण ३४३ किलोज्यूल काम लागते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा चाकापर्यंत पोचतो असे मानू. म्हणजे १०० मीटर चढाला ५० ते ५५ मिलिलिटर पेट्रोल. सपाटीवर एक-दीड किलोमीटर जायला जेवढे लागते तेवढेच. घाटात गाडी गुरगुरते, दुसऱ्या गिअरवर येते, इंजिन तापते, म्हणून खर्च प्रचंड वाटतो. चढाचा काही भाग उतारावर परतही मिळतो, फक्त ब्रेक दाबून तो जाळून टाकला नाही तर. घाट दिसतो आणि ऐकू येतो, एवढाच त्याचा दोष. वारा दिसत नाही.

भुईंजजवळ कृष्णा ओलांडली की रस्ता मोकळा होतो आणि हात आपोआप ॲक्सिलरेटर पिळतो. खरी गळती इथे सुरू होते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. साइडकारची बुलेट, तिच्यावरचा माणूस आणि शेजारचा डबा मिळून हवा अडवणारे प्रभावी क्षेत्रफळ १ चौरस मीटर धरून हिशेब केला, तर ताशी ८० किलोमीटरला हवा सुमारे २८० न्यूटनने मागे ओढते आणि ६० ला १६० न्यूटनने. तिन्ही टायरांच्या फिरण्याचा अडथळा ५० न्यूटनच्या घरात, तो दोन्ही वेगांना जवळपास सारखाच. बेरीज करा: ८० ला जेवढे काम प्रत्येक किलोमीटरला लागते, त्याच्या तीन-पंचमांशाहून थोडे अधिक काम ६० ला लागते. कागदावर लिटरला १९ किलोमीटरचे ३० होतात. प्रत्यक्षात एवढी उडी पडत नाही, कारण हलक्या भारावर इंजिनाची कार्यक्षमता थोडी घसरते. पण निम्मा फायदा पदरात पडला तरी कुठल्याही जेटने तेवढा दिलेला नाही. शिवाय रिकाम्या साइडकारचे उघडे तोंड पातेल्यासारखे वारा अडवते. वर ताणून बसवलेले ताडपत्रीचे झाकण, खाली झुकवलेली काच, बाहेर न लोंबणारे सामान यांना पैसे जवळपास लागत नाहीत.

सातारा ते कराड या टप्प्यात महामार्गाच्या रुंदीकरणाची वळणे आणि गतिरोधक अंगावर येतात. तिथे वेगळाच खर्च दिसला. ३५० किलोची गाडी शून्यावरून ६० वर न्यायला सुमारे ४९ किलोज्यूल लागतात. पेट्रोलमध्ये मोजले तर सात-आठ मिलिलिटर. असे ५० वेळा थांबले की पाव लिटरहून बरेच जास्त, चारशे मिलिलिटरच्या आसपास जाते. यावर उपाय दूरवर पाहून वेळेआधी ॲक्सिलरेटर सोडण्याचा. एकट्या मोटारसायकलवर ही सवय नसली तरी चालून जाते, साइडकारच्या वजनाला चालत नाही.

आता तिसरे चाक. आपल्याकडे साइडकार डावीकडे असते आणि रस्त्याचा उतारही डावीकडे, म्हणून गाडी डावीकडे ओढते. हे सावरायला साइडकारचे चाक पुढच्या बाजूला किंचित आत वळवलेले ठेवतात आणि मोटारसायकल थोडी उजवीकडे कलवतात. हे काम हाताच्या अंदाजाने करणारे फार आहेत. गरजेपेक्षा एक अंश जास्त आत वळलेले चाक प्रत्येक किलोमीटरमागे सुमारे साडेसतरा मीटर आडवे घासत जाते. पुणे ते कोल्हापूर जाईपर्यंत चार किलोमीटर. आकडा भीतिदायक असला तरी प्रामाणिकपणे सांगायला हवे की एका अंशाने पेट्रोल फार वाढत नाही. पण हा अडथळाही वर्गाने वाढतो, तीन अंशांच्या चुकीला नऊ पट होतो. ठोकर बसलेली, जोडाचे बोल्ट सैल झालेली साइडकार तेवढी सहज वाकडी होते. साइडकारच्या चाकाची एकच कडा झिजलेली दिसली, तर ॲव्हरेजचे निम्मे निदान तिथेच झाले. त्याच बैठकीत तिन्ही चाके उचलून हाताने फिरवावीत. घासणारा ड्रम ब्रेक, कोरडी आणि ताणलेली चेन, हवा उतरलेला टायर हे दोष इंजिन कितीही ट्यून करून झाकले जात नाहीत.

कराडनंतर उसाचा पट्टा लागतो आणि कासेगाव, पेठ नाक्याकडे रस्ता सरळ धावतो. डोक्यातले आक्षेप इथे निवांत तपासता येतात. पहिला आक्षेप पेट्रोलचाच: २० टक्के इथेनॉलमुळे ॲव्हरेज पडले. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असते हे खरे. अशा मिश्रणात प्रतिलिटर ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. पण ३० चे २० होण्याचे कारण ते असू शकत नाही. उलट इथेनॉल जळायला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरमध्ये हे पेट्रोल मिश्रण आपोआप पातळ करते. त्यावर आणखी स्क्रू फिरवून मिश्रण कमी केले, तर भार ओढणारे हवेवर थंड होणारे इंजिन घाटात तापते, व्हॉल्व्ह जळतो, पिस्टन जाम होऊ शकतो. वाचलेल्या पेट्रोलच्या कितीतरी पट पैसे मग इंजिनात जातात. प्लग काळा, काजळी धरलेला असेल तर मिश्रण जरूर तपासावे, चोक पूर्ण बंद होतो का पाहावे. पण तो दोष दुरुस्त करणे वेगळे आणि ॲव्हरेजसाठी मिश्रण उपाशी ठेवणे वेगळे. दुसरा आक्षेप सल्ल्याच्या रूपात येतो: पुढचे स्प्रॉकेट मोठे लावून गिअर उंच करा. सपाटीवर त्याने थोडे साधते, पण खंबाटकीत क्लच घसरतो आणि इंजिन गुदमरते. साइडकारला खालचा गिअर लागतो तो ओझ्यासाठी.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे: महामार्गावर ६० ने जाणे धोक्याचे. एकट्या मोटारसायकलला मागून येणाऱ्या ट्रकची भीती असते, ती मी नाकारत नाही. पण डाव्या लेनमधले भरलेले ट्रक आणि हंगामातले उसाचे ट्रॅक्टर याच वेगाच्या आसपास किंवा त्याहून सावकाश जातात, आणि ८० च्या वेगात अचानक ब्रेक दाबला की साइडकारची गाडी उजवीकडे, म्हणजे थेट ओव्हरटेकच्या लेनकडे वळते. सावकाश जाण्यातला धोका मागचा दिवा आणि परावर्तक पट्टी नीट ठेवून कमी करता येतो. वेगातला हा झटका तितका सहज कमी होत नाही. वेळेचा हिशेब केला, तर २३० किलोमीटरला तासाभराचा फरक पडतो, तोही वळणे आणि टोलनाक्यांमुळे प्रत्यक्षात कमी होतो.

वारणा ओलांडून कोल्हापूर जिल्ह्यात, आणि पंचगंगेच्या पुलावरून गावात. तुमची साइडकार पेट्रोल पीत असेल, तर कार्ब्युरेटरचा एकही स्क्रू फिरवण्याआधी तीन चाके हाताने फिरवून पाहा, दोन सरळ पट्ट्या लावून चाकांची दिशा मोजा, साइडकारवर झाकण बसवा, आणि एक पूर्ण टाकी ६० च्या वर न जाता संपवा. त्यानंतरही ॲव्हरेज पडलेले असेल, तरच मेकॅनिककडे जा.