कंबर माझी, पाय त्याचा

ऑपरेशनची तारीख मी स्वतःहून मागून घेतली होती. हे आधीच सांगतो, कारण आता सगळ्यांना वाटतं मी ऐनवेळी घाबरलो. घाबरवणारे आमच्याकडे पुष्कळ. शिरूर काय नि दौंड काय, मणक्याचं ऑपरेशन म्हटलं की 'माणूस परत उठत नाही' हे कुणीतरी ठणकावून सांगतंच. माझा त्यावर कधीच विश्वास बसला नाही. उलट, पैसे उभे करतो पण एकदाचं उरकून टाका, असं मीच म्हणत होतो.

राहायला शिरूर, नोकरी दौंडला. न्हावरे, चौफुला, पाटस असा मोटारसायकलवरचा रस्ता, आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रेलरमागे रखडणं. दौंडला पोचल्यावर गाडीवरून उतरणं हाच एक कार्यक्रम. डावा पाय टेकवायचा, उजवीकडची पँट मुठीत धरून पाय सीटवरून ओढून घ्यायचा, आणि कंबर सरळ होईस्तोवर मोबाईल बघत असल्याचं सोंग करायचं. बेल्ट, महानारायण तेल, कटिबस्ती, वजन लावणं, सगळं झालं होतं.

मग एमआरआय निघाला. एल फोर–एल फाइव्हची गादी वाळलेली, मागे थोडी फुगलेली. स्क्रू आणि रॉड टाकून दोन मणके जोडायचे, असं ठरलं. मला ते फार पटलं. नट ढिला झालाय, आवळला की विषय संपला!

भरवसा वाटायला कारणही होतं. माझ्या मावसभावाचं मणक्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तो दुसऱ्या दिवशी चालत होता. त्याच्याकडे चौकशीला गेलो, तर त्याने विचारलं, "दादा, तुझा पाय कुठपर्यंत दुखतो?"

"पाय नाही रे, कंबर."

"मग तुझं नि माझं एक कसं?"

त्याची कळ ढुंगणापासून अंगठ्यापर्यंत जायची. अंगठा वर उचलत नव्हता. चालता चालता चप्पल पायातून निसटायची आणि त्याला पत्ताही लागायचा नाही. त्याची नस दबली होती. गादीचा नसेवर आलेला तुकडा काढला, नस मोकळी झाली. स्क्रू नाही, रॉड नाही. माझ्या पायाला यातलं काहीच नव्हतं.

तिथून मी शंका काढायला लागलो. पुण्यात दुसऱ्या सर्जनला फाइल दाखवली आणि वाचायलाही बसलो. कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्यांचा एक मोठा आढावा 2015 साली प्रसिद्ध झाला. त्यात पन्नाशीतल्या सुमारे 80 टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या आणि 60 टक्क्यांच्या फुगलेल्या निघाल्या. म्हणजे ज्या फिल्मवर मी तारीख घेतली, तशी फिल्म माझ्या वयाच्या पुष्कळ ठणठणीत माणसांची निघेल. माझी कंबर दुखत होती हे खरं. ती त्या गादीमुळेच दुखत होती, हे कुणी सिद्ध केलं नव्हतं.

मणके जोडण्याबद्दलचे अभ्यास एका सुरात बोलत नाहीत. स्वीडनच्या 2001 च्या अभ्यासात नेहमीच्या फिजिओथेरपीपेक्षा ऑपरेशन सरस ठरलं. ब्रिटनमध्ये 2005 साली 349 रुग्णांवरचा अभ्यास आला. तिथे दुसऱ्या गटाला नीट, कसून व्यायाम दिला होता. त्याच्यापुढे ऑपरेशन ठळकपणे सरस ठरल्याचं दिसलं नाही. मला प्रश्न पडला, मी कसून व्यायाम केलाय कधी? दोन-चार वेळा भिंतीला पाठ लावून उभा राहिलो, तेवढंच. बाकी तेल.

तारीख रद्द केली. मणका खरंच सरकलेला असता किंवा नसांची वाट अरुंद झाली असती, तर हिशेब वेगळा झाला असता आणि मी नाही म्हटलं नसतं. पायाच्या कळेलाही नेहमी घाई नसते. नेदरलँड्सच्या 2007 च्या अभ्यासात लवकर ऑपरेशन केलेल्यांना आराम लवकर पडला, पण वर्षभराने थांबलेलेही जवळपास तिथेच आले. थांबलेल्यांपैकी 39 टक्क्यांना मात्र पुढे ऑपरेशन करावं लागलंच.

माझं दुखणं गेलेलं नाही. व्यायाम कंटाळवाणा आहे, घरात त्यावरून हसतात, आणि थंडीत सकाळी कंबर अजून धरतेच. पण आता गाडीवरून उतरताना पँट धरावी लागत नाही. उद्या पाय लुळा पडायला लागला, तर मी परत तारीख मागेन.

वाचणाऱ्यांना एक विनंती. लघवी अडली किंवा नकळत व्हायला लागली, मांड्यांच्या आत, बसायच्या जागी बधिर वाटलं, किंवा पायातली ताकद झपाट्याने जायला लागली, तर सकाळची वाट बघू नका. तेल नको, हाडवैद्य नको. त्याच रात्री गाडी करा आणि मणक्याचं ऑपरेशन होतं अशा मोठ्या हॉस्पिटलात जा.